आवण, मीठ आणि युरिया

मामांनी खाचरातलं एक ढेकूळ फोडलं, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली. "अजून आहे," एवढंच म्हणाले.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. अलिबाग-पेणच्या खारेपाटात पाऊस यायच्या आधी जमीन अशीच असते. भेगाळलेली, आणि भेगांच्या कडेला पांढरी साय धरलेली. ऊन खालचं पाणी वर ओढतं, पाणी वाफ होऊन जातं आणि मीठ तेवढं वर राहतं. पलीकडे खाडीचा बांध आणि बांधात उघाडी. भरतीच्या रेट्यानं तिचं दार मिटतं, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्यानं उघडतं. या एका दारावर आणि जूनच्या पावसावर इथलं सगळं भात उभं असतं.

वहिनी बांधावरून खाली उतरल्या. हातात काचेची बरणी आणि पेनाएवढं मीटर. त्यांनी बरणीत माती नि पाणी कालवलं, निवळू दिलं, मीटर बुडवलं आणि आकडा मामांपुढे धरला.

"माझी जीभ खोटं बोलत नाही," मामा म्हणाले.

"खोटं नाही बोलत, अण्णा. पण किती ते सांगत नाही."

मामा चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि जन्मभर शेतकरी. वहिनी, म्हणजे त्यांच्या सूनबाई, शिरोळकडच्या, कृषी पदवीधर. दोघंही मिठाच्या जमिनीवर वाढलेली, पण दोघांचं मीठ वेगळं. मामांचं समुद्रातून येतं. वहिनींच्या माहेरचं उसाला वर्षानुवर्षं पाजलेल्या पाण्याबरोबर काळ्या रानाच्या पोटातून वर आलेलं. गेल्या जुलैपासून या दोघांत एक वाद चालू आहे. कोवळ्या रोपाला नत्र दिलं तर ते मिठात तग धरतं का? मी दोघांचंही ऐकत आलो आहे, आणि हा प्रश्न एका घरापुरता नाही असं वाटलं म्हणून लिहितो आहे.

वादाचं मूळ सांगायला हवं. गेल्या वर्षी अमावस्येच्या उधाणाला बांधाला खांड गेली. लावणी होऊन दहा दिवस झाले होते. दोन भरत्यांचं पाणी खाचरात फिरलं आणि मग बाकीचं उन्हात आटत बसलं. चौथ्या दिवशी रोपांचे शेंडे पांढरे पडले, खालची पानं पिवळी झाली. खताच्या दुकानात विचारलं तर सल्ला मिळाला, "युरिया मारा, उठेल." मामांनी दहा गुंठ्यांवर अर्धी गोण फेकली. आठवडा संपायच्या आत रोपं जळाली. शेजारच्या ज्या तुकड्यात युरिया पडला नव्हता, तिथली निम्मी तरी उठली.

"तेव्हापासून माझं मत पक्कं आहे," मामा म्हणाले. "खार जमिनीत युरिया म्हणजे जखमेवर मीठ. शब्दशः मीठ."

"मीठ कसं, ते तर बघू," वहिनी बरणी बांधावर ठेवून बसल्या. "एक गुंठा म्हणजे ढोबळमानानं शंभर चौरस मीटर. त्यात बोटभर नाही, चांगलं पाच सेंटिमीटर पाणी उभं असलं तर ते झालं पाच हजार लिटर. त्यात किलोभर युरिया विरघळला तर लिटरला पडतो पाव ग्रॅमपेक्षाही कमी. ज्या पाण्याची वाहकता ४ डेसिसायमन आहे, त्यात मीठच असतं लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास. समुद्रात पस्तीस. म्हणजे भरल्या खाचरातला किलोभर युरिया मिठात काहीच भर घालत नाही."

"मी किलोभर टाकला नव्हता."

"तेच सांगते. तुम्ही गुंठ्याला सव्वादोन किलो टाकलात, आणि पाणी उरलं होतं चिखलावर चकाकण्यापुरतं. अर्धा सेंटिमीटर धरा. मग लिटरला झाले साडेचार ग्रॅम. आधीच खारट झालेल्या चिखलात मुळांना आणखी साडेचार ग्रॅमचा भार. वर तो युरिया दोन-चार दिवसांत फुटून अमोनिया झाला, त्याचा चटका वेगळा. अशा वेळी रोप जळणारच. पण मारलं कुणी? नत्रानं नाही, पाणी नव्हतं त्यानं."

मामा थोडा वेळ गप्प बसले. चाळीस वर्षं फळ्यावर गणितं मांडलेला माणूस. हिशेब चुकला नाही हे त्यांना कळलं होतं. पण हार मानायची त्यांची तयारी नव्हती, आणि माझ्या मते ते बरोबरच होतं.

"ठीक. युरिया मारत नाही म्हणू. पण वाचवतो हे कुठून आणलंस?"

वहिनींनी इथून जे सांगितलं ते मला कुणी इतकं उलगडून सांगितलं नव्हतं. भाताचं बी मिठात बऱ्यापैकी रुजतं. नाजूक काळ येतो तो रोप दोन-तीन पानांवर असताना, आणि नंतर थेट फुलोऱ्यात. मधल्या फुटव्याच्या काळात भात पुष्कळ सोसतं. ऑस्ट्रेलियातल्या राणा मन्स यांनी मिठाच्या माराचे दोन टप्पे सांगितले आहेत. पहिला लगेचचा. मुळाबाहेरचं पाणीच इतकं खारट होतं की रोपाला ते ओढून घेणं जड जातं. शेतात पाणी असून रोप तहानलेलं. दुसरा हळू चालणारा. सोडियम रोज थोडा थोडा वर चढतो आणि जुन्या पानांत साठत जातो, शेवटी पान मरतं. रोप नवी पानं किती झपाट्यानं काढतं आणि जुनी किती वेगानं मरतात, या शर्यतीत त्याचं जगणं ठरतं.

"आता नवं पान कशाचं बनतं, अण्णा? हिरवा रंग नत्राचा, प्रथिनं नत्राची. मिठाशी झगडताना पेशीत पाणी धरून ठेवायला रोप प्रोलीनसारखे पदार्थ साठवतं, तेही नत्राचेच."

"ते प्रोलीन म्हणजे औषध की नुसता ताप?" मामांनी मधेच विचारलं. "ताप चढला म्हणून माणूस बरा होतोय असं नसतं."

मला हा प्रश्न फार आवडला, कारण भाताचा अभ्यास करणाऱ्यांतही याच मुद्द्यावर दुमत आहे. मिठात होरपळणाऱ्या भातात प्रोलीन वाढतं हे खरं. पण कमजोर वाणांत ते जास्त वाढलेलं दिसतं, तेव्हा ती रोपाची ढाल नसून इजेची खूण असावी असं मानणारे आहेत. वहिनींनी ते सरळ मान्य केलं.

"प्रोलीन सोडून देऊ. वाढीचं मात्र सोडू नका. रोप जेवढं जोमदार, तेवढा आत आलेला सोडियम जास्त अंगात वाटला जातो. ससेक्स विद्यापीठातले यिओ आणि फ्लॉवर्स यांनी भातावर वर्षानुवर्षं काम केलं, त्यांनी जोमाला फार महत्त्व दिलंय. तुमचा काळा रता आणि भुरा रता खारात का टिकतात? उंच, दणकट वाण आहेत म्हणूनही. उपाशी रोपाला जोम कुठून येणार? आणि खार जमीन नत्राच्या बाबतीत उपाशीच असते. तिथं पालापाचोळा कमी, जिवाणूंचं कामही मिठानं मंदावलेलं."

"काळ्या रत्याला युरिया जास्त झाला तर तो भाद्रपदात आडवा पडतो. ते पुस्तकात असतं का?"

"असतं. म्हणून तर मोजून द्यायचा."

इथे एक रासायनिक गुंता आहे आणि तो शेतकऱ्याच्या कामाचा आहे. समुद्राचं मीठ म्हणजे मुख्यतः सोडियम आणि क्लोराइड. क्लोराइड नायट्रेटच्या वाटेत आडवा येतो. दोन्ही ऋणभारित, मुळाच्या दारावर त्यांची खेचाखेच होते. पण भात पाण्यात उभं असतं. चिखलात प्राणवायू नसतो, नायट्रेट तिथं टिकतच नाही, वायू होऊन निघून जातो. भात मुख्यतः अमोनियम खातं. त्यामुळे खाडीकाठच्या भाताला क्लोराइडचा हा विशिष्ट त्रास कमी. वहिनींनी हे आपल्या बाजूचं म्हणून मांडलं. पण पुढचं वाक्यही त्यांनीच उच्चारलं, आणि त्यासाठी मी त्यांना मानतो.

"अमोनियम फार झालं तर उलटं होतं. ते पोटॅशियमची वाट अडवतं. आणि सोडियम चढत असताना रोपाचा मुख्य आधार पोटॅशियमच असतो. म्हणजे थोडं नत्र रोपाला उभं करतं आणि जास्त नत्र त्याच्या हातातली काठी काढून घेतं."

"बघ," मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "आता ही माझ्या बाजूनं बोलायला लागली."

पण वहिनींचं संपलं नव्हतं. त्यांनी कर्नाल काढलं. केंद्रीय मृद लवणता संशोधन संस्था तिथं १९६९ पासून आहे, आणि चोपण जमिनीतल्या भात-गव्हाला नेहमीपेक्षा पाव हिस्सा जास्त नत्र द्या अशी तिथली शिफारस आहे. हेक्टरी १२० ऐवजी १५० किलो. "आता बोला. देशातली मिठाच्या जमिनीवरची सगळ्यात मोठी संस्था जास्त नत्र द्या म्हणते."

"का म्हणते?"

"कारण चोपण जमिनीचा सामू साडेआठच्या वर असतो. तिथं अमोनियाचा वायू होऊन नत्र उडून जातं."

"म्हणजे ते जास्तीचं नत्र मिठाशी लढायला नाही. उडालेलं भरून काढायला आहे. गळक्या माठात जास्त पाणी ओतावं लागतं, म्हणून जास्त पाणी तहानेला चांगलं असं होत नाही. आणि तुमची चोपण वेगळी, आमची खारवट वेगळी. तिथं जिप्सम लागतं. इथं पाऊस आणि उघाडी."

मामांनी हा वार नेमका केला. खारवट जमीन आणि चोपण जमीन यांत गल्लत करून दिलेले सल्ले मी स्वतः ऐकले आहेत, आणि शेतकऱ्याचे पैसे त्यात फुकट गेलेले पाहिले आहेत. खारवट जमिनीत विद्राव्य मीठ जास्त असतं, ते गोड पाण्यानं धुऊन जातं. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांनाच चिकटलेला असतो, माती फुगते, निचरा बंद होतो. नुसतं पाणी ओतलं तर ती आणखी घट्ट होते. शिरोळ-वाळव्याच्या काळ्या रानात दोन्ही दुखणी एकमेकांत गुंतलेली सापडतात आणि तिथं जमिनीखालून निचऱ्याच्या नळ्या टाकल्याशिवाय गत्यंतर नसतं. खारेपाटाला मात्र दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आहे. आभाळातून फुकट येणारं एवढं गोड पाणी, ते एकदा जमिनीतून फिरवून बाहेर काढता आलं पाहिजे, बस. हे बाहेर काढणं बांध धड असला आणि उघाडीचं दार नीट मिटत असलं तरच होतं.

संध्याकाळी ओटीवर चहा झाला आणि वाद खऱ्या गाभ्याशी आला. वहिनींनी पाटीवर चार आकडे लिहिले. हिशेबापुरते, कुठल्या प्रयोगाचे नव्हेत. उपाशी रोप गोड जमिनीत १० मण देतं आणि खाऱ्या जमिनीत ७. खत दिलेलं रोप गोड जमिनीत २० देतं आणि खाऱ्या जमिनीत ११.

"सांगा अण्णा, मिठाला जास्त कोण सोसतं?"

मामांनी मनातल्या मनात टक्के काढले. "उपाशी असलेलं. त्याचे तीस टक्के गेले, खत खाल्लेल्याचे पंचेचाळीस."

"आणि तुमच्या कणगीत काय जास्त आलं?"

मामा हसले. "अकरा."

कॅलिफोर्नियातले ग्रॅटन आणि ग्रीव्ह यांनी १९९९ साली जगभरच्या अशा प्रयोगांचा मोठा आढावा घेतला. त्यातून हाच पेच पुढे येतो. जमीन उपाशी असेल तर मिठातही खताला प्रतिसाद मिळतो, उत्पन्न वाढतं. पण म्हणून पिकाची मीठ सोसण्याची ताकद वाढली असं म्हणता येतंच असं नाही. कित्येक प्रयोगांत ती वाढलेली दिसत नाही. ज्याला भूक जास्त छळते त्याला अन्न दिलं की फरक दिसतो. ज्याला मीठ जास्त छळतं त्याला अन्न देऊन फारसं काही होत नाही. "नत्रानं मीठ सोसतं" हे वाक्य ऐकलं की मी आता आधी विचारतो, टक्क्यांत की मणांत?

"मग मला एवढंच सांग," मामा म्हणाले. "तुझ्या पाटीवर ७ चे ११ झाले. मीठ आणखी वाढलं तर?"

"तर ११ चे ५ होतील, मग २. शेवटी दोन्ही रोपं शून्यावर येतील. रिव्हरसाइडच्या लवणता प्रयोगशाळेतल्या मास आणि हॉफमन यांनी १९७७ साली पिकांची यादी केली. भातासाठी मातीच्या अर्काची वाहकता ३ डेसिसायमनच्या वर गेली की पुढच्या दर डेसिसायमनला सुमारे १२ टक्के उत्पन्न जातं. म्हणजे सातच्या आसपास निम्मं गेलं. माहेरच्या उसाचा उंबरठा तर पावणेदोनच्याही खाली आहे. एका हद्दीपुढे खत देणं म्हणजे पैसे खाडीत टाकणं."

"आणि खांड गेल्यावर खाचरात किती असतं?"

वहिनी काही बोलल्या नाहीत. खाडीचं पाणी थेट आत आलं की सात कुठलं, त्याच्या कितीतरी पुढचा आकडा मीटरवर येतो. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

मामा मग सावकाश बोलले, आणि त्यांच्या आवाजात चीड होती. "माझा युरियावर राग नाही गं. राग आहे तो तो सल्ला इतक्या सहज दिला जातो यावर. पंचेचाळीस किलोची गोण दोनशे सहासष्ट रुपये पन्नास पैशांना मिळते. एवढं स्वस्त दुसरं काही नाही, म्हणून प्रत्येक दुखण्यावर तेच. पान पिवळं दिसलं, युरिया. बांध फुटला, युरिया. बांधाची माती खेकड्यांनी पोखरली, दाराची फळी कुजली, त्यासाठी कागद घेऊन फिरलो तर उन्हाळा संपतो. खारजमिनींसाठी राज्यात १९७९ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याचा उपयोग मला गोण विकणाऱ्याइतका लवकर मिळाला असता तर आज हा वाद झाला नसता."

यावर मीही बोललो, कारण इथे मी मामांच्या बाजूचा आहे. कोवळ्या रोपाला नत्र द्या हा सल्ला चुकीचा नाही. तो बांधाच्या जागी दिला जातो तेव्हा तो अन्याय होतो. ज्याचं काम बांध राखणं आहे त्याची सुटका होते आणि पिवळ्या रोपाचा दोष शेतकऱ्याच्या खतावर येतो.

पिवळ्या रंगाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण फसगत तिथूनच सुरू होते. नत्राची भूक लागलेल्या भाताची जुनी पानं सगळीकडून सारखी फिकी पडतात आणि सगळं खाचर जवळपास एकसारखं दिसतं. मिठाचा मार बसलेल्या रोपाचा शेंडा आधी पांढरा होतो, पान गुंडाळतं, आणि खाचरात ठिकठिकाणी चट्टे दिसतात; सखल जागी आणि बांधाच्या बाजूला जास्त. लांबून पाहिलं तर दोन्ही पिवळंच. चप्पल काढून चिखलात उतरावं लागतं.

वहिनींनी मामांचं म्हणणं ऐकून घेतलं, पण त्या आवणाच्या, म्हणजे रोपवाटिकेच्या, मुद्द्यावरून हटल्या नाहीत. "खाचराचं तुम्ही म्हणता ते मान्य. पाणी फिरल्याशिवाय तिथं युरिया नाही. पण आवणाचं माझं ऐका. आवण आपण वरच्या वरकसात करतो, तिथं मीठ नाही. तिथं रोपाला पोसायचं. गुंठ्याला किलोभर युरिया, एकदम नाही, निम्मा पेरताना आणि निम्मा पंधरा दिवसांनी. रोप अंगात ताकद घेऊन खाचरात उतरेल."

"लुसलुशीत रोप उतरेल. लांब पानांचं. पान मोठं तेवढा घाम जास्त, आणि घाम जास्त तेवढं खारं पाणी जास्त ओढणार. तूच शिकवलंस मला."

"म्हणून एकच किलो. आणि म्हणून राख."

राखेची गोष्ट मामांना मनापासून पटते. त्यांच्या लहानपणी आवणाच्या जागी शेण, पाला, टाळ्या रचून राब भाजायचे. तण मरायचं, राख मिळायची. पण पाल्यातलं नत्र धुरावाटे जायचं आणि डोंगर बोडका व्हायचा, म्हणून मामांनीच तो पुढे सोडला. वहिनींची राख वेगळी आहे: गिरणीतली भाताच्या तुसाची काळी राख. डॉ. एन. के. सावंत यांनी कोकणात रुजवलेल्या चारसूत्री भातशेतीत हे तूस आहे, गिरिपुष्पाचा पाला आहे, नियंत्रित लावणी आहे आणि चार चुडांच्या मधे एक अशी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची २.७ ग्रॅमची युरिया-डीएपी गोळीही आहे. तुसात सिलिका भरपूर. ती मुळांच्या भिंतीतल्या फटी बुजवते, आणि त्या फटींतूनच सोडियम चोरवाटेनं वर चढत असतो. यिओ आणि फ्लॉवर्स यांच्या गटानं १९९९ साली भातात हे दाखवून दिलं. कोकणातल्या शेतकऱ्याला तुसाची किंमत नाही. गिरणीमागे ढीग पडलेले असतात. माझ्या लेखी मिठाविरुद्ध युरियापेक्षा हा ढीग जास्त मोलाचा आहे.

गोळीबद्दल मामांना शंका होती, ती त्यांनी मागच्या वर्षीच्या अनुभवानं फुगवली नाही हे विशेष. "वरून फेकलेला युरिया दुपारच्या उन्हात उडतो हे मला पटतं. शेवाळ माजलेल्या पाण्याचा सामू दुपारी चढतो, नाक जवळ नेलं तर कळतं. गोळी चिखलात खोल जाते, उडत नाही, एकदम सुटत नाही. पण लावणीच्या दिवशीच खोचायची म्हणतात. त्या दिवशी खाचर धुतलेलं नसेल तर?"

"तर खोचायची नाही. वाट बघायची."

"आणि रोप?"

"रोपही थांबेल. पंचवीस दिवसांच्या जागी तीस-पस्तीस दिवसांचं लावू. जरा निबर रोप मिठाला जास्त तोंड देतं. एका चुडात दोनाच्या जागी चार काड्या. मेली तरी दोन उरतील."

मामा म्हणाले, "माझी आई हेच करायची." वहिनींनी त्यावर वाद घातला नाही.

गोव्यातल्या खाजणांत कोरगुट, केरळात पोक्कळी, आपल्याकडे काळा रता. खाऱ्या पाण्याकाठच्या लोकांनी रोपाला खत देऊन मीठ सोसायला शिकवलं नाही, सोसणारं बियाणं वेचून जपलं. पोक्कळीतला एक गुणसूत्री तुकडा आज जगभर नव्या वाणांत घातला जातो. सोडियम पानांपर्यंत पोचायच्या आधी परत खाली वळवायचं काम त्या भागातलं जनुक करतं. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानं काळा रता, भुरा रता निवडले आणि पुढे पनवेल मालिकेतले वाण दिले. या बियाण्यांना नत्र मोजकं हवं, पण हवं. नत्राला ज्याचा प्रतिसाद चांगला ते संकरित बियाणं खारात आणून त्याच्या तोंडी गोण ओतणं, हा उलटा रस्ता झाला.

माझा कौल असा. आवणात वहिनींचं बरोबर आहे: नत्राशिवाय खाचरात उतरलेलं रोप मिठाच्या पहिल्याच माराला बसतं. खाचरात मामांचं बरोबर आहे: मीठ धुतल्याशिवाय दिलेलं नत्र वाया जातं, आणि पाणी आटलेलं असेल तर ते रोपाला मारतं. दोघांना समान गुण देत मी हे म्हणत नाही. मला मामांची बाजू जड वाटते, कारण आवणात अर्धा किलो कमी पडला तर पीक थोडं कमी येतं. खाचरात क्रम चुकला तर वर्ष जातं.

यंदा काय करायचं ते त्या दोघांनी त्या रात्री ठरवलं. आवण वरकसात, तुसाची राख घालून, गुंठ्याला किलो युरिया दोन हप्त्यांत. जूनचे पहिले दोन मोठे पाऊस खाचरात कोंडायचे, चिखल घोळायचा आणि ओहोटीला उघाडीतून सोडून द्यायचे. मग मीटर आणि मामांची जीभ दोन्ही. लावणीनंतर पहिलं खत दहा दिवसांनी, बोटभर गोड पाणी उभं असेल तरच. उघाडीच्या दाराची फळी मामांनी स्वतःच्या पैशानं बदलून घेतली आहे. बांधाच्या दोन पोखरलेल्या जागांसाठी गावातल्या बारा जणांच्या सह्यांचा अर्ज गेला आहे.

ज्यांच्या शेतात खाडीचं पाणी शिरतं त्या सगळ्यांना माझं सांगणं आहे. खांड गेली तर त्याच दिवशी लेखी अर्ज करा आणि त्याची पोच घ्या. ओहोटी लागली की खारं पाणी आटू न देता बाहेर काढा, पावसाचं गोड पाणी दोनदा फिरवून तेही सोडून द्या. मीटर नसेल तर पाणी जिभेला लावून बघा. आणि रोपाच्या पोटातून नवं पान हिरवं निघालेलं दिसेपर्यंत युरियाची गोण फोडू नका.